नाबोथचा मळा आणि लांबलेला न्याय

राजवाड्याशेजारच्या द्राक्षमळ्यावर राजाची नजर जाते, इथून बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या ग्रंथाचा २१वा अध्याय सुरू होतो. इ.स.पू. नवव्या शतकातला इस्राएलचा राजा अहाब इज्रेलच्या नाबोथला म्हणतो, मळा दे, भाजीपाला लावीन. बदल्यात याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख घे. सौदा वाईट नव्हता. पण वडिलोपार्जित वतन द्यायला नाबोथने साफ नकार दिला. जमिनीचा खरा मालक देव, माणसे नुसती वहिवाटदार, असे नियमशास्त्र सांगत होते. तिथे राजाचेही काही चालेना. अहाब तोंड फिरवून पलंगावर पडला आणि जेवेना.

पुढची सूत्रे राणी ईजबेलने हाती घेतली. तिने मारेकरी धाडले नाहीत. राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर उठवली आणि गावच्या वडीलधाऱ्यांना उपास जाहीर करायला सांगितले. नाबोथला मानाच्या जागी बसवून त्याच्यासमोर दोन भाडोत्री साक्षीदार उभे करण्यात आले. दोन अशासाठी, की देहदंडाला एका माणसाची साक्ष पुरत नसे. देवाची आणि राजाची निंदा केल्याचा आरोप झाला आणि गावाबाहेर नेऊन नाबोथला धोंडमार करून मारले. कागदोपत्री सगळे चोख होते. ‘दुसरे राजे’ या ग्रंथात नाबोथच्या मुलांच्या रक्ताचाही उल्लेख येतो. म्हणजे मळ्यावर हक्क सांगायला वारसही ठेवले नाहीत.

गावचे पंचच विकले गेल्यावर दाद मागायची कुणाकडे? इथे संदेष्टा एलीया पुढे येतो. मळ्याचा ताबा घ्यायला आलेल्या अहाबला तो तिथेच गाठतो आणि देवाचा निकाल ऐकवतो: नाबोथचे रक्त कुत्र्यांनी चाटले तिथेच तुझेही चाटतील, तुझे घराणे निर्वंश होईल. अहाब हादरतो, गोणपाट नेसून उपास करतो. त्याच्या पश्चात्तापामुळे घराण्यावरचे अरिष्ट पुढे ढकलले जाते, मुलाच्या कारकिर्दीवर.

अहाब पुढे लढाईत मेला. मग सेनापती येहूने बंड केले, अहाबचा मुलगा योराम याला बाणाने टिपले आणि प्रेत नाबोथच्या शेतात टाकायला लावले. ईजबेलला खिडकीतून खाली लोटले. अहाबच्या सत्तर वंशजांची मुंडकी टोपल्यांतून इज्रेलला आली. हे सारे देवाच्या शब्दाप्रमाणे झाले, असा ग्रंथकाराचा निर्वाळा आहे.

त्या काळातल्या शिलालेखांत मात्र नाबोथ कुठेच नाही. असिरियाच्या तिसऱ्या शाल्मनेसेरचा कुर्ख येथे सापडलेला लेख इ.स.पू. ८५३च्या लढाईतले अहाबचे २,००० रथ आणि १०,००० शिपाई मोजतो. १८४६मध्ये निमरूद येथे सापडलेल्या काळ्या स्तंभावर त्याच शाल्मनेसेरपुढे येहूच्या नावाची खंडणी येते आणि एक जण जमिनीला डोके टेकलेला दिसतो. १९९३पासून तेल दान येथे हाती आलेल्या तुकड्यांत एक अरामी राजा इस्राएलच्या राजाला आपणच मारल्याचे सांगतो. नावाची अक्षरे तुटली आहेत, पण बहुतेक अभ्यासक तिथे योरामच वाचतात. बायबलने ज्याला देवाचा न्याय म्हटले, तो शेजारच्या दरबारात विजयाचा मजकूर होता.

खुद्द बायबललाही हा निकाल पचला नाही. ‘दुसरे राजे’ येहूला शाबासकी देते, चार पिढ्यांच्या गादीचे वचन देते. सुमारे शंभर वर्षांनी होशेय संदेष्टा मात्र इज्रेलमधल्या रक्तपाताबद्दल येहूच्याच घराण्याला शिक्षा होईल, असे बजावतो. देवाच्या नावाने तलवार चालवली म्हणून हात धुतले जात नाहीत.

बापाच्या पापाची शिक्षा मुलाला का, हा प्रश्न उरतोच. पुढे बाबेलच्या बंदिवासात यहूदी लोक कुरकुरत होते की आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात आमचे आंबले. यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या १८व्या अध्यायात ही म्हणच मोडीत काढली. ज्याचे पाप त्यालाच शिक्षा, आणि वाईट माणूस वळला तर तो जगावा हीच देवाची इच्छा, असे तो सांगतो.

बायबलमधला दैवी न्याय हा असा शतकानुशतके चाललेला वाद आहे. एलीयाचा शाप तेवढा उचलून दुसऱ्याच्या संकटाला ‘देवाची शिक्षा’ ठरवणाऱ्यांनी होशेय आणि यहेज्केलही वाचावेत. ते त्याच ग्रंथात आहेत.