पोळपाट, पाळणा आणि पुस्तक

आमच्या एम्. ए. च्या वर्गात विवाहित विद्यार्थिनी तिघी; त्यांतली मी एक. मुलगा दुसरीत, मुलगी अडीच वर्षांची. घर वेल्ह्याच्या बाजूला, कॉलेज भोरला. त्यातच अधूनमधून कथा लिहिण्याची हौस. त्यामुळे “ताई, तुम्हांला वाचायला वेळ मिळतो तरी केव्हा?” असे वर्गातल्या मुली नेहमी विचारतात. या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींची लग्ने येत्या एक-दोन वर्षांत होतील. बी. टी. कार्ड परत केले की पुस्तकेही सुटणार काय, ही त्यांची खरी धास्ती. ती खोटी नाही. माझ्याबरोबर बी. ए. झालेल्या चौघी हुशार मैत्रिणींपैकी आज पुस्तक हातात धरणारी एकच आहे.

अशा वेळी “पहाटे चारला उठून वाचावे” हा सल्ला हमखास मिळतो. तो देणाऱ्याला रात्री दोनदा उठून मूल थोपटावे लागलेले नसते. आईला सलग तास मिळत नाही. वेळेचे तुकडे मिळतात. कुकरच्या तीन शिट्ट्या, मुलगी झोपल्यावरची वीस मिनिटे, चेलाडी फाट्यावर गाडीची वाट पाहण्यातला अर्धा तास. तेव्हा वेळ वाढवायचा विचार सोडून तुकड्यात मावणारे पुस्तक शोधावे, हे मला अधिक व्यवहार्य वाटते. चारशे पानांची कादंबरी दहा-दहा पानांनी वाचू लागले की आठवड्याने पात्रांची नावेही आठवत नाहीत आणि आपणच मंद झालो अशी समजूत होते. दोष वाचणारीचा नसतो, पुस्तक आणि वेळ यांचा मेळ बसलेला नसतो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या कामी मला फार उपयोगी पडली. प्रसंगामागून प्रसंग अशी त्यांची मांडणी. कोठेही थांबावे, कोठूनही पुन्हा सुरू करावे. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, म्हणजे तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. अक्षरओळख लग्नानंतर, नवऱ्याकडून. पुढे १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक वारल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून पुढे नेले. ज्या बाईला जोडाक्षरे नीट लिहिता येत नसत, तिचे हे काम! बाळंतपणे, प्लेगचे दिवस, नवऱ्याचा भोळा-लहरी संसार यांतून ही बाई लिहिती कशी राहिली, हे पाहायला तरी ते पुस्तक घरात असावे.

दुसरे नाव इरावती कर्वे यांचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन आणि अध्यापन, तीन मुले, आणि शिवाय ललित लेखन. ‘परिपूर्ती’ या शीर्षकलेखात अमक्याची सून, तमक्याची बायको अशा ओळखी ऐकता ऐकता अखेर ‘कर्व्याची आई’ ही ओळख त्यांच्या कानी पडते. वर्गात हा लेख शिकवला जातो तेव्हा त्यातील विनोदावर सगळे हसतात. दोन मुले झाल्यावर मी तो पुन्हा वाचला तेव्हा हसू आलेच, पण जरा उशिराने आले. त्यांच्या कन्या गौरी देशपांडे पुढे स्वतः लेखिका झाल्या. घरात पुस्तके उघडी पडलेली असली म्हणजे ती मुलांच्याही हाताला लागतात.

मुलांना मोठ्याने वाचून दाखवणे हे वाचन की मुलांचे काम? मी ते माझ्या वाचनाच्या खात्यावर मांडते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ रात्रींमध्ये विभागलेली आहे. रोज एक रात्र वाचली की झाले. मोठ्याने वाचताना वाक्य कोठे श्वास घेते ते कळते, आणि कथा लिहिणाऱ्याला याहून चांगली शिकवणी नाही. ‘किशोर’ मासिकातली गोष्ट वाचताना धाकटीने जेथे मान वळवली, तेथे बहुधा लेखकही कंटाळलेला असतो!

वाचनाचा सर्वांत मोठा शत्रू मात्र मूल नव्हे, लेखन. मुलगी झोपली की एकच तास हाती असतो. त्यात वाचावे की लिहावे? लेखनाला संपादकाची तारीख असते, वाचनाला कोणीच तारीख देत नाही. म्हणून दरवेळी वाचन हरते. दिवाळी अंकाच्या कथा पाठवायचे दिवस येतात ते नेमके आमच्याकडे भातलावणीच्या आगेमागे. तेव्हा तर विचारूच नका. मी एक नियम केला आहे : कथा चालू असताना दुसऱ्याच्या कथा वाचायच्या नाहीत, पण इतिहास किंवा प्रवासवर्णन चार पाने तरी वाचायचेच. कथेतली माणसे कोरडी पडू लागतात ती बहुधा आपण चार-सहा महिने दुसऱ्या कोणाचे काही वाचलेले नसते तेव्हा.

राहिला प्रश्न पुस्तक मिळण्याचा. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. पण तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीतून वाचनालय गाठायचे म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि पावसाळ्यात ओढा आडवा आला की तोही नाही. मोबाइलवर पुस्तके मिळतात हे खरे. पावसात वीज आणि रेंज दोन्ही एकदम जातात हेही तितकेच खरे. यासाठी मी ज्येष्ठातच चार पुस्तके आणून ठेवते : एक जाड, एक लेखांचे, एक मुलांचे आणि एक पूर्वी वाचलेले. आजारी मुलाच्या उशाशी बसून नवे पुस्तक डोक्यात शिरत नाही, वाचलेले मात्र चालते.

आपल्या ग्रंथपालांकडे एक विनंती या निमित्ताने करते. विवाहित आणि दुरून येणाऱ्या विद्यार्थिनींना आषाढ-श्रावणात पुस्तके आठवड्याऐवजी महिनाभर ठेवू द्यावीत. दंडाच्या भीतीने पुस्तके न नेणाऱ्या दोघी-तिघी तरी माझ्या माहितीत आहेत, आणि त्यांतल्या एकीचे लग्न वैशाखात आहे.