विनंतीच्या वाटेवरील चौक्या

संकेतस्थळाचा पत्ता दिला, की वाचकाची विनंती दूरच्या सर्व्हरकडे जाते आणि क्षणार्धात उत्तर परत येते. या दोहोंच्या दरम्यान विनंतीला काही चौक्या ओलांडाव्या लागतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु संकेतस्थळाची सुरक्षितता पुष्कळ अंशी त्यांवर अवलंबून असते. संगणकाच्या परिभाषेत या चौक्यांना ‘मिडलवेअर’ म्हणतात. मराठीत त्यांना मध्यस्थ स्तर म्हणता येईल.

पायथॉन भाषेतील ‘जँगो’ ही प्रणाली याचे उत्तम उदाहरण होय. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे, एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठी एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी २००३ साली तिची उभारणी सुरू केली. जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

जँगोमध्ये विनंतीला उत्तर देणारे निरनिराळे कार्यक्रम असतात. त्यांना ‘व्ह्यू’ म्हणतात. असे शंभर व्ह्यू असतील आणि प्रवेशाची तपासणी प्रत्येकात वेगळी लिहावी लागत असेल, तर एखाद्या ठिकाणी ती राहून जाण्याचा संभव असतो. राहिलेली ती एकच जागा चोरवाट ठरते. म्हणूनच सर्वांना समान असलेल्या तपासण्या मध्यस्थ स्तरात एकदाच लिहिल्या जातात.

या स्तरांचा क्रम महत्त्वाचा असतो. सत्राचा स्तर कुकीच्या साहाय्याने वापरकर्त्याचे सत्र उपलब्ध करून देतो. त्या सत्रावरून पुढचा स्तर वापरकर्त्याची ओळख पटवितो. क्रम उलटा लावल्यास ओळख पटविण्यास आधारच उरत नाही आणि जँगो चूक दर्शविते. परक्या संकेतस्थळाने वापरकर्त्याच्या नकळत पाठविलेला अर्ज ओळखून तो नाकारणारा स्तरही या मालिकेत असतो.

विनंती बाहेरून आत जाते आणि उत्तर त्याच स्तरांतून उलट क्रमाने बाहेर येते. एखाद्या स्तराने विनंती अडविली, तर आतील स्तरांना व व्ह्यूला तिची वार्ताही लागत नाही. नाकारल्याचे उत्तर आधी ओलांडलेल्या स्तरांतूनच परत फिरते. ही शिस्त २०१६ मधील १.१० या आवृत्तीत आली.

ऑगस्ट २०२४ मधील ५.१ या आवृत्तीने आणखी एक स्तर उपलब्ध करून दिला. तो योजल्यास ओळख न पटलेल्या व्यक्तीस सर्व व्ह्यू बंद राहतात; जे खुले ठेवावयाचे, तेवढ्यांचाच स्पष्ट उल्लेख करावा लागतो. त्यामुळे विस्मरण झाले तरी दार उघडे न राहता बंदच राहते.

तथापि या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. प्रत्येक स्तर प्रत्येक विनंतीच्या वेळी चालत असल्याने त्यात वेळखाऊ काम घालणे इष्ट नव्हे. शिवाय, आलेली व्यक्ती कोण हे चौकीवर कळते. पण दुसऱ्या अर्जदाराची कागदपत्रे पाहण्याचा तिला अधिकार आहे किंवा नाही, हे सामान्यतः व्ह्यूलाच तपासावे लागते. चौकी कितीही सावध असली, तरी आतल्या कपाटाचे कुलूप अनावश्यक ठरत नाही.