जुनी होडी विकताना : जाहिरात फोनवर, सौदा काठावर

कंधार म्हटले की किल्ला आणि राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागर आठवतो. तालुक्यात बारूळचे निम्न मन्याड धरण आहे, तर शेजारच्या लोहा तालुक्यात लिंबोटीचे. अशा पाण्यावर मासेमारी करणाऱ्या कुटुंबाची होडी हेच त्याचे भांडवल असते. ती विकण्याची वेळ आली की पूर्वी आठवडी बाजारात चार लोकांच्या कानावर घालावे लागे. गरज ओळखून गिऱ्हाईक भाव पाडत असे.

आज ओएलएक्ससारख्या संकेतस्थळावर जाहिरात टाकली तर पैठणचा नाथसागर किंवा उजनी धरणाकाठचा खरीदारही ती पाहतो. गिऱ्हाईक वाढले, तसे ठगही वाढले. म्हणून काही गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

जाहिरातीत होडीची लांबी, रुंदी, लाकडी की फायबरची, किती वर्षे वापरली, इंजिन कोणते, हे स्पष्ट लिहावे. फोटो दिवसाच्या उजेडात, चारही बाजूंनी आणि तळाचाही काढावा. तळाला तडा असेल, डागडुजी झाली असेल तर तेही लिहावे. ऐब लपवून केलेला सौदा टिकत नाही. लांबून आलेला माणूस रिकाम्या हाताने परततो आणि वाहनाचे भाडे कोणी द्यायचे यावरून तंटा होतो. म्हणून वाहतुकीचा खर्च कोणाकडे, हे आधीच ठरवावे.

विक्रीपूर्वी कागद तपासावेत. होडीवर बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज असेल तर बेबाकी दाखला घ्यावा. सरकारी अनुदानातून घेतली असेल तर मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारल्याशिवाय विकू नये. 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला असून यंत्रावर चालणाऱ्या जलयानांच्या नोंदणीची तरतूद त्यात आहे. आपली होडी त्यात येते का, याची खात्री करून घ्यावी.

सर्वात मोठा धोका पैशांचा. होडी न पाहताच एखादा सांगेल त्या किमतीला तयार होतो, आपण फौजेत असल्याचे सांगतो आणि इसाराची रक्कम घेण्यासाठी कोड स्कॅन करायला लावतो. येथेच सावध व्हावे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसगत झालीच तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

खरीदाराला काठावर बोलवावे, होडी पाण्यात उतरवून दाखवावी, रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री करावी आणि दोन साक्षीदारांसमोर पावती लिहून मगच दोर सोडावा. नाव विकली गेली तरी बाजारात आपले नाव राहिले पाहिजे, एवढेच आमचे सांगणे आहे.