करवंदीच्या जाळीत जाळ!

खरं तर आम्ही धबधब्यांचे फोटो काढायला निघालो होतो. ऑगस्टमधला शनिवार, ताम्हिणी घाट, गाडीत चौघं. म्हणजे अख्खं पुणे पावसाळ्यात जे करतं तेच! मुळशी धरण मागे पडलं आणि गाडी पंक्चर झाली. मित्र जॅक शोधत बसले, मी छत्री घेऊन रस्त्याकडेला उभी. समोर करवंदीच्या जाळीत चक्क जाळ दिसला.

जवळ जाऊन बघितलं तर लिली. फुलवाल्याकडची सेलोफेनमधली नाही, एकदम जंगली. सहा पाकळ्या, कडा कुरळ्या, आणि सगळ्या उलट्या वळलेल्या. फुलाचं तोंड जमिनीकडे, पाकळ्या आभाळाकडे. वेल एकच, पण रंग किती! वरचं नुकतं उमललेलं फूल हिरवट-पिवळं, मधलं अर्धं पिवळं-अर्धं लाल, खालचं जुनं फूल पूर्ण लाल. पानांची टोकं स्प्रिंगसारखी, त्यांनीच करवंदीला धरून ती वर चढलेली. या रस्त्यानं मी किमान वीसदा गेले असेन. साठच्या स्पीडला काय डोंबल दिसणार?

पहिले दहा फोटो बेकार आले. लाल रंग कॅमेऱ्याला झेपतच नाही. पाकळीच्या रेषा जाऊन नुसता लाल ठिपका उरतो. एक्स्पोजर थोडं कमी केलं, मैत्रिणीला वाऱ्याच्या बाजूला छत्री धरायला लावली, आणि स्वतः चिखलात गुडघे टेकले. खालून बघितलं तरच कळतं की सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेत आणि मधला स्त्रीकेसर काटकोनात वळलाय. ढगाळ उजेड इथे बेस्ट. एका फ्रेमसाठी मी वेल जरा बाजूला ओढायला गेले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पोरी, हात नगं लावू. कळलावी हाय ती."

डोक्यावर इरलं घेतलेल्या मावशी. कळलावी! भांडणं लावणाऱ्या बाईला आपण म्हणतो ना, तीच. घरात आणली तर भांडणं होतात, असं मावशींचं म्हणणं. भांडणांचं माहीत नाही, पण विषारी मात्र नक्की. तिच्यात कोल्चिसिन असतं. गाउटवरच्या औषधात तेच वापरतात, पण मोजून. कंद चुकून खाल्ला तर जीव जाऊ शकतो. आणि बाईसाहेबांचा थाट बघा: तामिळनाडूचं राज्यफूल, झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल! १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथला एकविसाव्या वाढदिवशी ऱ्होडेशियातून हिऱ्यांचा ब्रोच भेट मिळाला, तो याच फुलाच्या आकाराचा. आपल्या कोकणात हिचं नाव त्याहून देखणं आहे, गौरीचे हात.

हे सगळं मी ऐकवत असताना मित्रानं खाली बोट दाखवलं. जाळीच्या मागून फक्कीची पांढरी रेघ गेलेली, पावसानं फिकट झालेली. रस्ता रुंद होणार. रेघ वेलीच्या पलीकडे, म्हणजे वेल रस्त्यात!

"खोदून घेऊ ना कंद. माझ्या बाल्कनीत लावतो. नाहीतरी जेसीबी येणारच."

मला पटलंच होतं. मावशींनी मान हलवली. कंद काचेसारखा, आत्ता ओढला तर कोंब मोडेल आणि मग पुन्हा फुटायचाच नाही. दिवाळीनंतर वेल वाळतो, कंद झोपतो, तेव्हा काढायचा.

"मी काढीन. माझ्या कुपाला लावीन."

"पण घरात भांडणं?"

"घरात न्हाई गं. कुपाला आसूं दे. गुरं तोंड लावत न्हाईत."

दिवाळीआधीच जेसीबी आला तर? मावशी हसल्या, पण बोलल्या नाहीत. जाळीशेजारच्या दगडावर त्यांनी एक फाटकी पिशवी बांधली, खूण म्हणून. मी त्यांच्या मुलाचा नंबर घेतला.

धबधबा राहूनच गेला. घरी येऊन फोटो टाकले तर अर्ध्या तासात पाच जणांचा एकच प्रश्न: एक्झॅक्ट लोकेशन? मी लिहिलं, ताम्हिणी. एवढंच. मावशींच्या मुलाला परवा फोन केला होता. पिशवी अजून आहे म्हणाला.