पिसदुऱ्याचं शेण, लिंगोचं कासव

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांतल्या मातीत गोलसर, राखी रंगाचे खडे सापडतात. पाऊस माती धुऊन नेतो, तसे ते वर येतात. नवख्या माणसाला ते साधे गोटे वाटतील. ते डायनोसॉरच्या काळातलं, दगड झालेलं शेण आहे.

या शेणानं गवताचा इतिहास बदलला. गवताच्या पात्यात सिलिकाचे सूक्ष्म कण साठलेले असतात. पान कुजून जातं, कण मात्र टिकतात, आणि त्यांच्या घडणीवरून गवत कुठल्या गटातलं ते ओळखता येतं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, तेव्हा स्टॉकहोमच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात असलेल्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याचे खडे तपासले. त्यांत निदान पाच जातकुळींच्या गवतांचे कण निघाले. 2005 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतंच, असं मानलं जाई. त्या शेणात शंकुधारी झाडं आणि ताडाच्या जातींचे अंशही होते, गवत थोडंच होतं. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वरोऱ्याच्या रानात कोणी चरत होतं याचा याहून थेट पुरावा कुठला?

चरणारा कोण, हे शेणावर लिहिलेलं नसतं. एक उमेदवार मात्र जवळच सापडला आहे. त्याच परिसरातल्या डोंगरगावच्या टेकडीत कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूवैज्ञानिकांना 1980च्या दशकात एका अजस्र शाकाहारी डायनोसॉरचे अवशेष मिळाले. डोकं मिळालं नाही, पण मान, पाठ, खांदा आणि जवळजवळ दीड मीटर लांबीचं पुढच्या पायाचं हाड मिळालं. सोहन जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी 1997 साली त्याचं वर्णन केलं. पुढे 2003 साली त्याला नवं नाव मिळालं, इसिसॉरस. त्या संस्थेच्या ‘आयएसआय’ या इंग्रजी आद्याक्षरांवरून.

आकडेशास्त्राच्या संस्थेत हाडं कशी, हा प्रश्न पडतोच. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1950च्या दशकात लंडनच्या जीवाश्मशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावून संस्थेत भूविज्ञानाचं काम सुरू केलं. गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यात या मंडळींनी वर्षानुवर्षं पायपीट केली. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या पैलतीराला, आजच्या तेलंगणात, पोचमपल्लीजवळ त्यांना कितीतरी हाडं एकत्र सापडली. मांडीचं हाडच 1.7 मीटर. उत्खननाचं 1961 साल हे रवींद्रनाथ टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष, म्हणून या डायनोसॉरचं नाव पडलं बारापासॉरस टागोराय. त्याचा सांगाडा आज कोलकात्याला संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात उभा आहे. ज्या थरातून तो निघाला, त्याला मात्र नाव आहे आपल्याकडच्या गावाचं: सिरोंचा तालुक्यातल्या, प्राणहितेकाठच्या कोट्याचं.

पण या प्रदेशातला पहिला मोठा संग्राहक त्याही आधीचा. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपूरला आला. सहकारी रॉबर्ट हंटरबरोबर तो खेडोपाडी हिंडला आणि जिथे गेला तिथले दगड पाहत गेला. नागपूरच्या दक्षिणेकडच्या मांगलीची एक चपटी कवटी लंडनला पोचली आणि ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेननं 1855 साली तिचं वर्णन केलं. पिसदुऱ्याची हाडंही आधी हिस्लॉपच्याच हाती लागली. तोच माणूस वाटेत गोंडांच्या चालीरीती, शब्द, देव टिपून घेत होता. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना तो ओढ्याच्या पुरात बुडाला. त्याची टिपणं मध्य प्रांताचा प्रशासक रिचर्ड टेंपलनं 1866 साली छापली आणि त्यांत गोंडांचे कथागायक असलेल्या परधानांच्या परंपरेतलं, गोंडांचा आदिगुरू लिंगो याचं दीर्घ आख्यान होतं.

त्या आख्यानात एक पूर येतो. पैलतीर गाठू पाहणाऱ्या गोंडांना मगर पाठीवर घेते आणि मधल्या धारेत बुडी मारते. त्यांना वाचवतं ते कासव, आणि कासवाला कधी मारणार नाही अशी शपथ ते घेतात. कासव पूज्य मानणारी गोंड कुळं आजही आहेत. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला लोटणारी माणसं लिंगोचंच नाव घेत चढतात.

आणि 1977 साली सोहन जैन यांनी पिसदुऱ्याहून मिळालेल्या एका जीवाश्म प्राण्याचं वर्णन केलं, ज्याच्या शास्त्रीय नावात पिसदुरा कायमचं कोरलं गेलं. तो प्राणी कासव होता.

या दोन कासवांचा एकमेकांशी पुराव्याचा काहीही संबंध नाही, आणि तो जोडू नये. आख्यान हे आख्यान आहे, हाड हे हाड. पण दोन्ही गोष्टी एकाच मुलखाच्या आहेत. हिस्लॉपच्या झोळीत त्या शेजारी होत्या. नंतर विद्याशाखांनी त्यांची वाटणी केली: हाडं भूविज्ञानाकडे, गाणी मानववंशशास्त्राकडे, आणि वाघ, रानम्हशी, साग वनखात्याकडे. मुलूख मात्र कोणाच्याच वाट्याला आला नाही. मला या वाटणीचं मनापासून दुःख होतं.

ही वाटणी पुसण्याची गडचिरोलीत तरी एक सुरुवात आहे. सिरोंचा तालुक्यात वडधमला वनविभागानं जीवाश्म उद्यान राखलं आहे. दगड झालेले वृक्षांचे ओंडके तिथे जागच्या जागी पाहायला मिळतात. आलापल्लीजवळ जपलेलं ‘वनवैभव’ हे जुन्या झाडांचं रान राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं आहे. मेलेलं जंगल आणि जिवंत जंगल एकाच जिल्ह्यात, वाटेवर. हाडं, गाणी आणि जंगल पुन्हा जोडणारी संग्रहालयाची एक खोली मात्र हवी.

त्या खोलीसाठी मूळ हाडं कोलकात्याहून मागण्याची गरज नाही. ती तिथे अभ्यासली जातात, जपली जातात. पण साचे घेऊन इसिसॉरसची मान वरोऱ्यात उभी करता येईल. तिच्याशेजारी पिसदुऱ्याचे खडे, त्यांतल्या कणांच्या तयार काचपट्ट्या आणि एक सूक्ष्मदर्शक ठेवावा, म्हणजे गावातल्या शाळेच्या मुलांना गवताचे कण स्वतः पाहता येतील. बाजूला लिंगोचं आख्यान परधानाच्या तोंडून, किंगरी या तंतुवाद्यासह ध्वनिमुद्रित करून ऐकवावं, आणि पाट्या मराठीबरोबर गोंडी आणि माडियातही लिहाव्यात. तोवर पिसदुऱ्याच्या शेतकऱ्यांना कोणीतरी घरी जाऊन सांगावं, की त्यांच्या बांधावरच्या खड्यांत काय आहे आणि ते वेचून कोणाला का विकू नयेत.