जोडीतले दुसरे नाव

टेनिसच्या इतिहासात काही नावे एकटी येत नाहीत. पॅम श्रायव्हर म्हटले, की त्याआधी मार्टिना नवरातिलोवा हे नाव आपोआप ओठांवर येते. या दोघींनी मिळून महिला दुहेरीची 20 ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळविली. त्यांच्या बरोबरीला आहे ती केवळ लुईस ब्रो आणि मार्गारेट ऑस्बोर्न ड्यूपाँ ही जुनी अमेरिकन जोडी. तरीही या यशाने नवरातिलोवाच्या कीर्तीत भर पडली आणि श्रायव्हरच्या वाट्याला ‘तिची जोडीदारीण’ एवढीच ओळख आली. हा हिशेब न्यायाचा आहे काय?

1962 साली बाल्टिमोर येथे जन्मलेली श्रायव्हर 1978 च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत उतरली, तेव्हा ती 16 वर्षांची शाळकरी, हौशी खेळाडू होती. उंची सहा फूट आणि हातात त्या वेळी नवलाईची असलेली मोठ्या तोंडाची रॅकेट. उपान्त्य सामन्यात तिने त्या वर्षीच्या विंबल्डन विजेतीला, म्हणजे खुद्द नवरातिलोवालाच, दोन्ही सेट टायब्रेकरवर जिंकून हरविले. अंतिम सामन्यात ख्रिस एव्हर्टने तिला 7-5, 6-4 असे नमविले. मुलीचे वय पाहता एकेरीची अजिंक्यपदे आता केवळ काळाचा प्रश्न आहे, असे कुणालाही वाटावे. तसे झाले नाही. पुढे आठ वेळा ती ग्रँड स्लॅम स्पर्धांत एकेरीच्या उपान्त्य फेरीपर्यंत गेली आणि आठही वेळा तेथूनच परतली. एकेरीत जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलेल्या आणि 21 स्पर्धा जिंकलेल्या खेळाडूला ‘अपुरी’ ठरविण्याची रीत पडली ती या आठ पराभवांमुळे.

वस्तुतः दुहेरी ही एकेरीची धाकटी बहीण नव्हे. तो निराळाच खेळ आहे. मैदानाची रुंदी 27 फुटांवरून 36 फूट होते, पण ते राखणारे हात दुप्पट होतात. त्यामुळे मोकळी जागा आयती सापडत नाही, ती निर्माण करावी लागते. परतीचा चेंडू जाळ्याकडे धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी टाकणे, जोडीदारणीची सर्व्हिस कोठे पडणार हे जाणून आधीच पाऊल उचलणे, डोक्यावरून जाणारा लॉब कुणी घ्यायचा हे एका हाकेत ठरविणे, या गोष्टींवर गुण मिळतात. बेसलाइनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणे हे श्रायव्हरचे बलस्थान नव्हतेच. जाळ्यापाशी मात्र तिची उंची, व्हॉली आणि खेळाची समज यांना तोड नव्हती. शिवाय एक डावखुरी आणि एक उजवी. समोरच्यांना दर गेमला वेगळ्या वळणाच्या सर्व्हिसशी जुळवून घ्यावे लागे.

एप्रिल 1983 ते जुलै 1985 या काळात ही जोडी सलग 109 सामने जिंकली. 1984 साली चारही ग्रँड स्लॅम तिच्याकडे होत्या. विंबल्डनच्या अंतिम सामन्यात कॅथी जॉर्डन आणि लिझ स्मायली यांनी अखेर ही मालिका खंडित केली. गंमत अशी, की याच मैत्रिणी एकेरीत एकमेकींसमोर उभ्या ठाकत. 1982 च्या अमेरिकन स्पर्धेत पहिला सेट 1-6 असा गमावूनही श्रायव्हरने नवरातिलोवाला स्पर्धेबाहेर घालविले होते.

नवरातिलोवा सोबत नसताना काय, या प्रश्नाचे उत्तरही कागदोपत्री आहे. 1987 साली एमिलिओ सांचेझबरोबर फ्रेंच स्पर्धेतील मिश्र दुहेरी. 1988 साली, 64 वर्षांनंतर टेनिस पुन्हा ऑलिंपिक पदकांचा खेळ झाला तेव्हा, सोलमध्ये झिना गॅरिसनबरोबर सुवर्णपदक, तेही तिसरा सेट 10-8 असा जिंकून. 1991 साली नताशा झ्वेरेवाबरोबर अमेरिकन विजेतेपद. तीन जोडीदार, तिघांची खेळण्याची ढब वेगळी. एकाच्या पुण्याईवर दुसऱ्याने तरून जाण्याचा हा प्रकार खासच नव्हे.

या हिशेबात एक बाब बरीच वर्षे धरलीच गेली नव्हती. एप्रिल 2022 मध्ये, वयाच्या 59 व्या वर्षी, श्रायव्हरने एका इंग्रजी दैनिकात लिहिले, की ती 17 वर्षांची असताना तिच्या 50 वर्षांच्या विवाहित प्रशिक्षकाशी तिचे संबंध जुळले आणि ते पाच वर्षांहून अधिक काळ टिकले. ते अनुचित आणि घातक होते असे तिने स्पष्ट म्हटले. त्याच वेळी त्या माणसाविषयी आपल्या भावना आजही संमिश्र आहेत, हेही लपविले नाही. तोवर तो प्रशिक्षक हयात नव्हता. लिहिण्याचे कारण तिने दिले ते असे, की टेनिसमध्ये कोवळ्या मुली आजही प्रशिक्षकांच्या हवाली होऊन गावोगाव फिरतात, आणि त्यांना सावध करणे, प्रशिक्षकांवर नजर ठेवणे हे खेळाच्या चालकांचे काम आहे. लोकांनी ज्या वर्षांत तिच्या उपान्त्य फेऱ्या मोजल्या, त्यांतली कित्येक वर्षे हीच होती.