काट्याभोवतीचा वेढा

सन १८८२ च्या डिसेंबरात, सिसिलीतील मेसिना येथे, घरची मंडळी सर्कशीतील वानरांचे खेळ पाहावयास गेली असता, एल्या मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या पारदर्शक डिंभातील हिंडत्या पेशी सूक्ष्मदर्शकातून एकटेच न्याहाळीत होते. आगंतुक शत्रूचा मुकाबला याच पेशी करीत असतील काय, अशी कल्पना मनात येताच त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे डिंभाच्या त्वचेखाली टोचले. रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही, आणि पहाटे पाहतात तो काट्याला पेशींनी वेढा घातलेला.

पुवातील पेशींच्या पोटात जंतू दिसतात, हे तत्कालीन वैद्यांस ठाऊक होते. परंतु या पेशी जंतूंना आश्रय देऊन शरीरभर नेतात, असाच अनेकांचा कयास असे. ठसठसणारी सूज हा नुसता उपद्रव नसून शरीराने केलेला बंदोबस्त आहे, हे मेचनिकॉफांचे म्हणणे रुजावयास वर्षे लागली. १९०८ साली पॉल एर्लिक यांच्यासह मेचनिकॉफांना नोबेल पारितोषिक मिळाले, तरी दुखण्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटली, हे मला त्याहून मोठे वाटते.

बोटात काटा मोडला की जखमी ऊतींतून रासायनिक वर्दी सुटते, जवळच्या सूक्ष्म नीलेच्या भिंतीवर चिकट रेणू उगवतात, आणि त्यांवरून गडगडत आलेली श्वेतपेशी थबकून, अस्तराच्या सांध्यातून अंग चोरून बाहेर सरते. जंतू निसरडा असतो. प्रतिद्रव्यांचा लेप त्यावर चढला म्हणजे पकड बसते. (मेचनिकॉफांचे ओडेसातील विद्यार्थी वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या प्लेगात १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच लस टोचून घेतली; लसीच्या अनेक उपकारांपैकी एक म्हणजे असा लेप आगाऊ सिद्ध ठेवणे.) मग पेशीचा पृष्ठभाग दोहों बाजूंनी ओठांसारखा वर चढतो, आणि ओठ मिटताच जंतू आतल्या इवल्या कोठडीत कैद होतो. पाचक द्रव्यांच्या पिशव्या कोठडीस येऊन मिळतात, प्राणवायूचा खर्च एकाएकी अनेक पटींनी वाढतो, आणि त्यातून अखेर कपड्यांचे डाग घालविणाऱ्या ब्लीचच्याच जातीचे हायपोक्लोरस आम्ल बनते. क्षयाचा जंतू मात्र या पिशव्यांचा संगमच अडवून कोठडीत बिऱ्हाड थाटतो.

या कामावर तैनात होणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशी अस्थिमज्जेत रोज सुमारे शंभर अब्ज तयार होतात, आणि जंतू गिळल्यावर त्याही फार जगत नाहीत. आम्ल घडविणारे त्यांचे विकर रंगाने हिरवे असते. दोन दिवसांनी काट्याच्या तोंडाशी साचणाऱ्या, आणि आपण कापसाने पुसून टाकतो त्या पुवाला हिरवट झाक येते ती त्याचीच.